वजन नसलेली इस्त्री

गावच्या घरी गणपती बसायचे त्या सकाळी आजी चुलीतले रसरशीत निखारे पितळी तांब्यात घालायची. जाड फडक्यानं तांब्याचा गळा धरायची, आमच्या सदऱ्यांवर पाण्याचे शिंतोडे मारायची आणि अंगचा भार देत तांब्या फिरवायची. कॉलरपाशी आली की क्षणभर थांबून दाबायची. इस्त्रीला लागणाऱ्या तिन्ही गोष्टी त्या तांब्यात होत्या: उष्णता, ओल आणि भार. पुढे कोळशाची लोखंडी इस्त्री आली, विजेची आली, पोटात पाणी भरून वाफ सोडणारी आली, तरी या तीन गोष्टी काही सुटल्या नाहीत.

आता बऱ्याच घरांत बेडरूमच्या कोपऱ्यात उभा गार्मेंट स्टीमर दिसू लागला आहे. खाली दीड-दोन लिटरची पाण्याची टाकी, वर दांडा, दांड्याला हँगर आणि लवचीक नळीच्या टोकाला वाफ सोडणारं चपटं तोंड. कपडा हँगरला लावायचा, मिनिटभरात वाफ येते, मग ते तोंड वरून खाली फिरवत न्यायचं. यात उष्णता आहे, ओल भरपूर आहे, भार मात्र जवळजवळ नाही. ‘इस्त्री काढून टाकून हाच घेऊ का?’ असं ओळखीतले अनेकजण विचारतात, आणि माझं उत्तर दरवेळी या तिसऱ्या गोष्टीपाशी येतं. भारानं जे कपडे बिघडतात, त्यांच्यासाठी स्टीमरसारखं साधन नाही. भारावाचून जे कपडे बसतच नाहीत, त्यांच्यासाठी तो घेऊ नये.

मुळात सुरकुती पडते कशी, हे एकदा समजलं की पुढचं सगळं सोपं होतं. सुती धागा म्हणजे सेल्युलोजच्या लांबच लांब साखळ्या. त्या एकमेकींना हायड्रोजन बंधांनी धरून असतात. एकेक बंध दुबळा, पण संख्या अफाट. घामाची ओल आणि अंगाची ऊब मिळाली की काही बंध सुटतात, साखळ्या जराशा सरकतात, आणि बसल्या जागी चुरगळलेला कपडा तसाच सुकला की बंध त्या वाकड्या जागीच पुन्हा जुळतात. ओल्या केसांची वेणी घालून झोपलं की सकाळी केसांत लाटा दिसतात ना, तसंच हे. केसांतही असेच बंध असतात. वाफ धाग्यात शिरते, बंध पुन्हा सैल करते, आणि लोंबणारा कपडा स्वतःच्या वजनानं खाली ओढला जाऊन सरळ होतो. तो तसा सरळ राहायचा तर धागे त्याच स्थितीत सुकले पाहिजेत. म्हणून वाफ दिल्यावर शर्ट लगेच अंगात घालू नये. पाच-सात मिनिटं पंख्याखाली टांगून ठेवावा. घाईत घातलेल्या शर्टाला कोपराशी आणि पाठीवर पहिल्या दहा मिनिटांतच नव्या चुण्या पडतात, आणि मग लोक म्हणतात, स्टीमर काही कामाचा नाही.

हे बंध मुळातच हलू नयेत अशीही सोय माणसानं करून पाहिली. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या न्यू ऑर्लिन्स इथल्या प्रयोगशाळेत रूथ बेनेरिटो या रसायनशास्त्रज्ञ बाईंनी कापसाच्या साखळ्यांमध्ये पक्के रासायनिक पूल बांधण्यावर मोठं काम केलं. आज ‘रिंकल फ्री’ म्हणून मिळणाऱ्या सुती शर्टांमागे ते काम आहे. अशा शर्टाला स्टीमरचे दोन हात पुरतात. पॉलिस्टर मिसळलेल्या कापडालाही तेवढंच पुरतं, कारण ते कापड शंभर अंशांच्या बरंच आत मऊ पडतं.

साध्या जाड सुती कापडाची गोष्ट वेगळी. कपड्याच्या आतल्या पट्टीवर इस्त्रीचं छोटं चित्र असतं, त्यात टिंबं असतात. एक टिंब म्हणजे ११० अंश सेल्सिअसपर्यंत, दोन म्हणजे १५०, तीन म्हणजे २००. कॉटन आणि लिननवर बहुधा तीन टिंबं सापडतील. स्टीमरची वाफ शंभराच्या आसपासची. तिच्यानं खादीचा कुर्ता मोकळा होईल, घालण्याजोगा होईल, पण आपण ज्याला कडक इस्त्री म्हणतो ती येणार नाही. पँटची धारदार क्रीझ, कॉलरचं टोक, बटणपट्टी, गणवेशाच्या स्कर्टच्या प्लेट्स, खळ घातलेली इरकल, हे सगळं दाबूनच बसतं. आपण रात्री पँट गादीखाली ठेवायचो, ते काही उगाच नाही. तिथे उष्णता नव्हती, पण भार होता, आणि क्रीझ बसायची.

इस्त्री हा शब्द पोर्तुगीज ‘एश्तिरार’वरून आला असं मानतात. त्याचा अर्थ ताणणं. स्टीमर वापरताना हा अर्थ लक्षात ठेवण्यासारखा आहे, कारण भाराची उणीव थोडीफार भरून काढतो तो आपला दुसरा हात. शर्टाचं खालचं टोक धरून हलकेच ताणायचं, वाफेचं तोंड कापडाला टेकवून सावकाश खाली आणायचं. बाही फिरवून दोन्ही बाजूंनी. जाड कापडाला आतूनही वाफ द्यायची. फक्त रेयॉन आणि व्हिस्कोस ओढू नये. ओलं झालं की हे कापड दुबळं पडतं आणि एका बाजूला लोंबतं.

आता भार जिथे घात करतो तिकडे येऊ. मखमलीवर इस्त्री टेकवली की तिची लव कायमची झोपते. गरम कोटाच्या कोपरांवर आणि बसायच्या जागी इस्त्रीनं जी चकाकी येते, ती लोकर दबून सपाट झाल्यामुळे. चिकनकारी, कशिदा, आरसेकाम, उठावाची नक्षी, सगळं इस्त्रीखाली चेपतं. अशा कपड्यांना आतल्या बाजूनं वाफ दिली की धागा फुलून वर येतो. खिडकीचे पडदे तर न काढता, जागच्या जागी सरळ करता येतात. प्लास्टिकच्या टिकल्या लावलेला ड्रेस, चामडं आणि मेण चढवलेलं कापड मात्र स्टीमरपासूनही लांब ठेवावं. पट्टीवरच्या इस्त्रीच्या चित्राखाली वाफेच्या रेघांवर फुली असेल तर तो इशारा पाळावा.

सगळ्यात जपून बोलावं ते रेशमाबद्दल. रेशमी साडीच्या अंगावरच्या घड्या वाफेनं फार सुंदर उतरतात, पण पाण्याचा एक थेंब पडला तर डाग राहतो. माझ्या एका टसरच्या ब्लाऊजवर असा थेंब पडला आणि त्याची कडा आजही दिसते. तो कुठून आला हे तेव्हा कळलं नव्हतं. नळी खाली झोळीसारखी लोंबत असली की तिच्या बाकात वाफ थंड होऊन पाणी साचतं. मग आतून गुडगुड असा आवाज येतो आणि पुढच्या वाफेबरोबर ते पाणी तोंडातून उडतं. तो आवाज आला की कपड्यापासून लगेच दूर व्हायचं आणि नळी पूर्ण उंच, सरळ धरायची. साचलेलं पाणी टाकीकडे परत जातं आणि गुडगुड थांबते. सुरुवातीची अर्ध्या मिनिटाची वाफही जुन्या टॉवेलवर सोडावी. एवढं सांभाळलं तर रेशमाची भीती बरीच कमी होते. मी तोंड कापडापासून दोन-तीन बोटं लांब ठेवते आणि साडी उलट्या बाजूनं घेते.

पैठणीचा पदर आणि काठ मी वाफेत घेतच नाही. जरीत ओल राहिली की ती काळवंडते. घड्यांवर विरलेली जुनी पैठणी असेल तर तिला ना इस्त्री, ना स्टीमर. ती मलमलीत गुंडाळून, दर काही महिन्यांनी घडी बदलून ठेवावी.

टाकीत घालायच्या पाण्याबाबतही असंच जपावं लागतं. बोअरचं पाणी ज्यांच्याकडे येतं त्यांनी ते टाकीत मुळीच घालू नये. उकळताना त्यातले क्षार पांढऱ्या थराच्या रूपात आत बसतात, वाफ कमी होते आणि एखाद्या दिवशी त्याची पांढरी चिळकांडी काळ्या कुर्त्यावर येते. डिस्टिल्ड पाणी किंवा आरओचं पाणी बरं. काम झालं की टाकी रिकामी करावी. थर बसलाच तर पुस्तिकेत चालतं म्हटलं असेल तरच व्हिनेगर वापरावं.

विजेच्या बाबतीत दुकानात जे सांगतात त्यापेक्षा हिशेब थोडा निराळा निघतो. स्टीमर साधारण १५०० ते २००० वॅटचे असतात. १८०० वॅटचा स्टीमर अर्धा तास सतत चालला तर ०.९ युनिट वीज लागते. साधी १००० वॅटची इस्त्री तापली की थर्मोस्टॅट तिला मधून मधून बंद करतो, त्यामुळे तेवढ्याच वेळात ती अर्ध्या युनिटच्या आत राहते. पाण्याची वाफ करणं हे महागडं काम आहे. एक ग्रॅम पाणी शंभर अंशांवर पोचल्यावरही त्याची वाफ व्हायला आणखी ५४० कॅलरी लागतात. शिवाय हे यंत्र सुमारे आठ अँपिअर ओढतं. जुन्या इमारतींत बेडरूममध्ये बहुतेक वेळा छोट्या पिनांचेच प्लग असतात आणि मोठा पॉवर पॉइंट फक्त स्वयंपाकघरात. मोबाइल चार्जिंगच्या एक्स्टेन्शन बोर्डावर स्टीमर लावू नये. वायर तापते. घेण्याआधी घरातला मोठा पॉइंट कुठे आहे ते बघा, आणि तिथे साडी लोंबकळवायला जागा आहे का तेही बघा.

त्याच ५४० कॅलरी हाताला चटका बसतो तेव्हा परत मिळतात. वाफ त्वचेवर पडून तिचं पाणी होताना ती सगळी उष्णता कातडीला देते, म्हणून वाफेचा चटका तितक्याच गरम पाण्यापेक्षा खोल लागतो. अंगातल्या कपड्यावर स्टीमर कधीही फिरवू नये. ताणणाऱ्या हातात मोजा घालावा. भाजलंच तर वीस मिनिटं वाहत्या पाण्याखाली हात धरावा. टूथपेस्ट, हळद काही लावू नये.

पावसाळ्यात स्टीमर मागे पडतो. कोकणात, मुंबईत जुलै महिन्यात शाळेचा गणवेश दोरीवर दोन दिवस ओलसरच असतो. इस्त्री त्याला सरळही करते आणि सुकवतेही. स्टीमर उलट आणखी ओल घालतो. तशाच ओलसर साड्या कपाटात गेल्या की कुबट वास ठरलेला. त्या चार महिन्यांत इस्त्री माळ्यावर टाकता येत नाही.

आमच्या घरी स्टीमर आला तो आईसाठी. वय ७४, कंबर धरते, साडेपाच मीटरची साडी पलंगावर पसरून वाकून इस्त्री करणं तिला जमेना. सुरुवातीला दांडा पूर्ण उंच केला होता. दुसऱ्याच दिवशी तिचा खांदा भरून आला. हात सतत वर धरावा लागतो, हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. मग दांडा खाली घेतला, साडी दुहेरी घालून टांगली, आणि तिला स्टूल दिलं. ऑफिसचे शर्ट-पँट अजूनही बांधून खालच्या इस्त्रीवाल्या काकांकडे जातात. तिच्या साड्या मात्र ती कोणाला देत नाही. सणाच्या आदल्या संध्याकाळी ती पंख्याखाली स्टुलावर बसते, डाव्या हातानं काठ धरते, उजव्या हातातली वाफ साडीच्या अंगावरून खाली नेते, आणि पदराशी आली की थांबते.

“एवढं राहू दे,” म्हणते, “पदर नेसल्यावर आपोआप बसतो.”