सीपॅप मास्क आणि नाकावरचा वळ
झोपेत श्वास अडणाऱ्यांना लावल्या जाणाऱ्या सीपॅप यंत्राचा मास्क दुखतो तो बहुधा नाकाच्या दांड्यावर. तिथे हाडावर पातळ कातडीच असते. हवा गळू नये म्हणून पट्टे करकचून आवळले जातात, आणि दुखणे वाढते ते त्यामुळेच. पट्टे बसवावेत ते आडवे होऊन, यंत्र चालू ठेवून: हवेने मास्कची गादी फुगली की ती चेहऱ्याला नीट धरते. तेरेखोल नदीकाठच्या बांदा गावासारख्या ठिकाणी पावसाळ्याच्या दमट हवेत घामाने भिजलेली कातडी लवकर सोलवटते, म्हणून गादी रोज सौम्य साबणाने धुवावी. रात्री चेहऱ्याला खोबरेल मात्र नको, मास्क घसरतो. वळ दिवसभर राहिला किंवा फोड आला, तर डॉक्टरांना दाखवून माप बदलून घ्यावे. नाकपुड्यांशी बसणारा छोटा मास्क दांड्याला टेकतच नाही.