यू-८६९ : कागदावर एका समुद्रात, प्रत्यक्षात दुसऱ्याच

दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन पाणबुड्यांची कुठलीही यादी उघडा. प्रत्येक बोटीपुढे ठरलेले रकाने असतात : कुठे बांधली, कप्तान कोण, किती जहाजं बुडवली, आणि शेवटी ती स्वतः कुठे, कधी, कोणाच्या हातून बुडाली. हा शेवटचा रकाना बाकीच्यांइतकाच पक्का दिसतो. पण बऱ्याचदा तो एक अंदाज असतो. अंदाजाची ‘नोंद’ कशी होते, ते यू-८६९ या बोटीवरून छान कळतं.

बोटीची कामगिरी चटकन सांगून होते. ब्रेमेनला बांधलेली, लांब पल्ल्याची, जानेवारी १९४४ मध्ये नौदलात दाखल. कप्तान हेल्मुट नॉयरबुर्ग. डिसेंबर १९४४ मध्ये नॉर्वेहून पहिल्या मोहिमेवर निघाली ती परतलीच नाही. एकही जहाज तिने बुडवलं नाही. आत ५६ माणसं होती. एक रेडिओ ऑपरेटर ऐन वेळी आजारी पडून बंदरावर राहिला, म्हणून वाचला.

पाणबुडीचा इतिहास लिहायला मुख्य साधन म्हणजे तिची युद्धदैनंदिनी. पण बोट बुडाली की शेवटच्या मोहिमेची दैनंदिनीही तिच्याबरोबर जाते. मग उरतात किनाऱ्यावरचे कागद. एका बाजूला जर्मन मुख्यालयाने धाडलेले रेडिओ संदेश, दुसऱ्या बाजूला दोस्त राष्ट्रांच्या जहाजांनी केलेल्या हल्ल्यांचे अहवाल. युद्धानंतर अधिकाऱ्यांनी या दोन गोष्टींची जुळवाजुळव केली. न परतलेली बोट कोणती, तिला शेवटचा हुकूम कुठे जायचा होता, आणि त्या भागात त्या सुमारास कोणी हल्ला केला होता का? जुळलं, की रकाना भरला.

यू-८६९ ला आधी अमेरिकेच्या किनाऱ्याकडे पाठवलं होतं. ती आइसलंडच्या उत्तरेकडून लांबचा वळसा घेऊन अटलांटिकमध्ये उतरली, इंधन जास्त खर्च झालं, म्हणून जानेवारी १९४५ मध्ये मुख्यालयाने तिला जिब्राल्टरकडे वळायला सांगितलं. तिकडेच, मोरोक्कोच्या रबात शहराजवळच्या समुद्रात, २८ फेब्रुवारीला अमेरिकेच्या ‘फाउलर’ने आणि फ्रेंच ‘लँदिस्क्रे’ने डेप्थ चार्ज टाकले होते. झालं, जुळलं! पुढची चाळीसहून जास्त वर्षं पुस्तकांत हेच छापत राहिलं, आणि त्या माणसांच्या घरच्यांसाठीही समुद्र तोच होता.

१९९१ मध्ये अमेरिकेतल्या न्यू जर्सीपासून सुमारे शंभर किलोमीटर आत, साधारण ७० मीटर खोलीवर, डायव्हरांना एक जर्मन पाणबुडी सापडली. (मराठीत बोट ती पाणबुडी आणि बुडी मारणारा तो पाणबुड्या, घोळ नको म्हणून डायव्हर.) कागदांप्रमाणे तिथे कुठलीच बोट असायला नको होती. जॉन चॅटर्टन यांना आत एक सुरी मिळाली, मुठीवर कोरलेलं नाव : होरेनबुर्ग. या नावाचा माणूस होता यू-८६९ वरचा मुख्य रेडिओ ऑपरेटर.

आता मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा भाग. एवढा पुरावा हातात असून बोट ओळखली गेली नाही! कारण यू-८६९ तर जिब्राल्टरजवळ बुडालेली ‘माहीत’ होती. मग सुरीच कशीतरी दुसऱ्या बोटीवर गेली असेल, असे तर्क सुरू झाले. रकान्यातला अंदाज इतका घट्ट झाला होता की वस्तूलाच स्पष्टीकरण द्यावं लागलं.

खरं तर तो अंदाज एका गृहीतकावर उभा होता : हुकूम पाठवला म्हणजे पोचला. जिब्राल्टरचा हुकूम मिळाल्याची पोच यू-८६९ कडून आलेली नाही. मुख्यालयाच्या दृष्टीने ती जिब्राल्टरला निघालेली. बोट मात्र बहुधा जुन्याच हुकमावर चालली होती. हे संदेश दोस्त राष्ट्रं तेव्हाच फोडून वाचत होती, आणि नवा हुकूम तिला मिळालाच नसेल ही शंका अमेरिकी गुप्तवार्ता विभागाने युद्ध चालू असतानाच नोंदवली होती. युद्धानंतर रकाना भरताना ती मागे पडली.

शेवटी १९९७ मध्ये सुट्या भागांच्या पेटीवरची पट्टी वर आली. तिच्यावर बोटीचा क्रमांक होता, आणि वाद मिटला. तोवर त्या बोटीवर तीन डायव्हरांचे जीव गेले होते.

ती बुडाली कशी, हा वेगळा वाद. शोधणाऱ्यांचं मत असं, की तिचाच टॉर्पेडो गोल फिरून तिच्यावर आदळला. पण सांगाड्याला भगदाडं दोन आहेत, आणि एका टॉर्पेडोने दोन्हींचा उलगडा होत नाही. २००५ मध्ये अमेरिकी तटरक्षक दलाने निष्कर्ष काढला, की ११ फेब्रुवारी १९४५ ला ‘हॉवर्ड डी. क्रो’ आणि ‘कॉइनर’ या जहाजांच्या हल्ल्यात ती बुडाली असावी. त्या दोघांच्या खात्यावर तेव्हा पाणबुडी बुडवल्याची नोंदच झाली नव्हती.

ही तारीख धरली, तर ‘फाउलर’ने मोरोक्कोजवळ डेप्थ चार्ज टाकले तेव्हा यू-८६९ ला समुद्राच्या पार दुसऱ्या टोकाला बुडून सतरा दिवस झाले होते.