ताटावर आडवा हात

जर्मनीतल्या कोलोन शहरात फ्रीझनश्ट्रासे नावाच्या रस्त्यावर पेफ्गेनची भट्टी १८८३ पासून आहे. भट्टी म्हटलं की आपल्याला हातभट्टीच आठवते, म्हणून ब्रुअरी म्हणू. बाकांवर माणसं खेटून बसलेली, आणि टेबलांमधून निळ्या पोशाखातले वाढपी तरातरा फिरतायत. इथं त्यांना ‘क्योबेस’ म्हणतात. आपल्या खानावळीतल्या जुन्या वाढप्यासारखेच हे लोक फटकळ असतात. पाणी मागितलंत तर टोमणा ऐकायची तयारी ठेवा.

बिअरचं नाव क्योल्श. तिथल्या बोलीचंही नाव तेच; म्हणून पिता येणारी जगातली एकमेव भाषा आमची, अशी कोलोनकरांची फुशारकी. क्राफ्ट बिअरवाल्या अमेरिकनांनी ‘ब्लाँड एल’ म्हणून जी फिकट, सौम्य बिअर रुळवली, तिची ही थोरली चुलत बहीण.

क्योबेसनं पेला ठेवला. सरळसोट, बारीक, नळकांड्यासारखा. मावते जेमतेम २०० मिलिलिटर. रंग वाळल्या गवताचा, आणि इतकी नितळ की पलीकडच्या माणसाच्या शर्टाच्या रेघा मोजाव्यात. फेस फार टिकत नाही. नाक जवळ नेलं तर आधी ओल्या धान्याचा वास, मग पिकल्या नासपतीची पुसटशी झुळूक. घोट घेतला की जिभेवर पावाच्या मऊ गरासारखा गोडवा येतो, पण रेंगाळत नाही. मागून हॉप्सच्या फुलांचा हलका कडूपणा येऊन तोंड कोरडं करून जातो. बस्स, एवढंच. पहिल्या पेल्याला मला वाटलं, यात विशेष ते काय?

विशेष आहे ते करण्यात. जव भिजवून, मोड आणून वाळवायचे, की झाला माल्ट. नाचणीचं सत्त्व करणाऱ्या घरांना हे नवं नाही. त्याच्या गोड पाण्यात हॉप्स उकळायचे आणि मग यीस्ट सोडायचं. हे यीस्ट एलचं, उबेत काम करणारं. १५ ते २० अंशांत आंबवतं आणि तो फळाचा वास तेच देतं. पुढे मात्र बिअरला लागरसारखं वागवायचं: शून्याच्या आसपासच्या थंडीत काही आठवडे नुसतं पडू द्यायचं. स्वभाव एलचा, शिस्त लागरची.

फोडणी न घातलेल्या वरणात डाळीचा दोष लपत नाही, तसं या बिअरचं आहे. काळ्या स्टाऊटमध्ये करपल्या माल्टचा दर्प बरंच काही झाकतो; आयपीएत हॉप्सचा मारा. इथं आडोसाच नाही. आमच्या पुण्यातल्या एका ठिकाणी मी ब्लाँड एल मागवली, तर पेल्यातून उकडलेल्या मक्याचा वास आला. माल्टचं पाणी नीट खळखळून उकळलं नाही की असं होतं. लोण्याचा वास आला तर यीस्टला काम पुरं करू दिलेलं नाही, आणि ओल्या पुठ्ठ्याचा आला तर बिअर शिळी, हवा लागलेली. नव्या ब्रुअरीची पारख करायची तर मी सगळ्यात फिकट बिअर मागवतो.

कोलोनवाले या साधेपणाबाबत कमालीचे हट्टी. १६०३ मध्ये नगरपरिषदेनं थंडीत तळाशी आंबणारी बिअर, म्हणजेच लागर, बनवायला बंदी घातली होती. १९८६ मध्ये २४ ब्रुअऱ्यांनी करार करून क्योल्श कशाला म्हणायचं ते ठरवलं, अगदी पेल्याच्या आकारासकट. १९९७ पासून युरोपीय संघाचं भौगोलिक संरक्षणही आहे. आपल्या हापूससारखंच म्हणा ना! प्रतिस्पर्धी डुसेलडोर्फची तांबूस आल्टबिअर इथं मागू नये. पुण्यात बसून नागपूरचं कौतुक करण्यापेक्षा ते जास्त महागात पडतं.

एवढासा पेला कशाला, हे मला तिसऱ्या फेरीला कळलं. ही बिअर गरम झाली, मेली. म्हणून थोडी थोडी, ताजी ताजी. पेला रिकामा दिसला की क्योबेस न विचारता भरलेला ठेवतो आणि खालच्या पुठ्ठ्यावर पेन्सिलीनं एक रेघ ओढतो. ‘नको’ म्हणून भागत नाही. पंगतीत ताटावर हात आडवा धरतो तसा तो पुठ्ठाच पेल्यावर ठेवायचा. तेव्हा कुठे आग्रह थांबतो.

मला हे उशिरा कळलं. माझ्या पुठ्ठ्यावर सात रेघा होत्या, म्हणजे १.४ लिटर, आपल्याकडच्या दोन मोठ्या बाटल्यांहून थोडी जास्तच.