कणभर दाणा आणि दोन थेंब ॲड्रिनलिन

१९२१ साली ब्रेस्लाउ शहरात, म्हणजे आजच्या पोलंडमधल्या व्रोत्स्वाफमध्ये, दोन डॉक्टरांनी स्वतःच्याच अंगावर एक प्रयोग केला. हाइन्झ क्यूस्टनर यांना मासे अजिबात सोसत नसत. शिजवलेल्या माशाचा तुकडा पोटात गेला की अंगावर गांधी उठत, खोकला सुरू होई, उलट्या होत. त्यांचे सहकारी कार्ल प्राउसनिट्झ मासे मजेत खात. क्यूस्टनर यांच्या रक्तातला निवळ द्रव, म्हणजे सीरम, प्राउसनिट्झ यांनी आपल्या पोटाच्या कातडीत किंचितसा टोचून घेतला. दुसऱ्या दिवशी नेमक्या त्याच जागी माशाचा अर्क टोचला. काही मिनिटांत तिथं लालसर, खाजरी गांध टरारून उठली. एका माणसाची ॲलर्जी दुसऱ्याच्या कातडीत एका ठिपक्यापुरती रुजली होती!

त्या सीरममध्ये असं होतं तरी काय? उत्तर सापडायला ४५ वर्षं लागली. १९६६च्या सुमारास अमेरिकेत डेन्व्हर इथं किमिशिगे आणि तेरुको इशिझाका या जपानी दांपत्यानं तो पदार्थ शोधून काढला. त्याच सुमारास स्वीडनमधले योहान्सन आणि बेनिख हेही वेगळ्या वाटेनं तिथंच पोचले. तो पदार्थ म्हणजे इम्युनोग्लोब्युलिन-ई, थोडक्यात आयजीई, हे प्रतिपिंड. रक्तात ते इतकं कमी असतं की इतकी वर्षं कुणाच्या हाती लागलं नव्हतं.

आयजीई रक्तात जेमतेम दोन-तीन दिवस टिकतं. पण कातडीखाली, श्वासनलिकेत, आतड्यात आणि रक्तवाहिन्यांच्या कडेनं ‘मास्ट पेशी’ नावाच्या पेशी बसलेल्या असतात. त्यांना जाऊन चिकटलं की ते कित्येक आठवडे तिथंच राहतं. या पेशींच्या पोटात हिस्टामिन आणि इतर रसायनांचे कण ठासून भरलेले असतात. चाप ओढून ठेवलेल्या उंदराच्या पिंजऱ्यासारख्या त्या तयार असतात. ज्या बाळाच्या शरीरानं शेंगदाण्यातल्या प्रथिनाविरुद्ध आयजीई बनवलं आहे, त्याच्या पोटात दाण्याचा कण गेला की ते प्रथिन शेजारशेजारच्या दोन आयजीईंना एकदम पकडतं आणि चाप सुटतो. मग हिस्टामिन बाहेर पडायला काही सेकंद पुरतात.

ही यंत्रणा आपल्या रक्षणासाठीच आहे. जंत आणि विषं बाहेर फेकायला ती घडली, असं शास्त्रज्ञ मानतात. शिंक, खोकला, उलटी, सूज, सगळं त्याच कामाचं. शेंगदाणा, दूध, अंडं यांना शत्रू समजून ती साऱ्या शरीरात एकाच वेळी पेटून उठली, की तिलाच ॲनाफिलॅक्सिस म्हणतात. रक्तवाहिन्या सैल पडतात, त्यांच्या भिंती पाझरू लागतात. अतितीव्र झटक्यात रक्तवाहिन्यांतला एक तृतीयांशाहून जास्त द्रव दहा मिनिटांत आजूबाजूच्या पेशीजालात उतरल्याचं आढळलं आहे. रक्त शरीरातच असतं, पण हृदयाकडे परत येत नाही. दुसरीकडे श्वासनलिका आवळतात, घसा सुजतो.

मोठं मूल ‘घशात कसंतरी होतंय’ असं सांगू शकतं, आठ महिन्यांच्या बाळाला ते सांगता येत नाही. म्हणून त्याच्या अंगाची भाषा आपल्याला वाचता आली पाहिजे. बहुतेक वेळा खाल्ल्यावर काही मिनिटांत, फार तर दोनएक तासांत लक्षणं दिसतात. अंगावर गांधी, ओठ-डोळे सुजणं, कान आणि जीभ चोळत राहणं, लागोपाठ उलट्या. आवाज बसून रडणं घोगरं होणं, एकसारखा ठसका, छातीत घरघर, गिळता न आल्यानं गळणारी लाळ. आणि सगळ्यात फसवं लक्षण म्हणजे खेळतं बाळ अचानक मलूल होऊन, पांढरंफटक पडून, मान टाकतं. ‘दमलं असेल, झोप आली असेल’ असं वाटण्याचा धोका इथंच असतो.

आपल्याकडे अंगावर पित्त उठलं की आमसुलाचं पाणी लावतात, बाळ एकाएकी किरकिरं झालं तर दृष्ट काढतात. नुसत्या चार गांधी असतील आणि बाळ हसतं-खेळतं असेल, तर डॉक्टरांना विचारून लक्ष ठेवायला उसंत असते. पण गांधींबरोबर श्वासाची तक्रार आली, लागोपाठ उलट्या झाल्या किंवा बाळ गळून गेलं, तर घरगुती उपायांची वेळ टळलेली असते. ज्या पदार्थाची ॲलर्जी आधीच माहीत आहे, तो खाल्ल्यावर नुसता श्वास अडकला तरी तेवढं पुरे. अंगावर एकही गांध न उठता ॲनाफिलॅक्सिस होऊ शकतो.

आता या गोष्टीतला सगळ्यात अद्भुत भाग. यावरचा उतारा आपल्याच शरीरात बनतो! मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारख्या बसलेल्या ग्रंथी ॲड्रिनलिन तयार करतात. १९०१ साली शार्ल रिशे आणि पॉल पोर्तिए हे फ्रेंच शास्त्रज्ञ मोनॅकोच्या राजाच्या जहाजावर समुद्री जीवांच्या विषांचा अभ्यास करत होते. त्यातूनच पुढे त्यांना ॲनाफिलॅक्सिसचा शोध लागला आणि १९१३ साली रिशे यांना नोबेल मिळालं. त्याच १९०१ साली जोकिची ताकामिने यांनी शुद्ध ॲड्रिनलिन वेगळं केल्याचं जाहीर केलं. कुलूप आणि किल्ली अशी एकाच वेळी माणसाच्या हाती येत होती, आणि दोन्हीकडच्यांना एकमेकांचा पत्ता नव्हता.

हिस्टामिन जे जे बिघडवतं, ते ते ॲड्रिनलिन सावरतं. सैल रक्तवाहिन्या आवळतं, आवळलेल्या श्वासनलिका उघडतं, हृदयाला जोर देतं आणि मास्ट पेशींतून आणखी रसायनं सुटण्याला लगाम घालतं. दहा किलोच्या बाळाला लागणारी मात्रा असते एक मिलिलिटरचा दहावा भाग, म्हणजे जेमतेम दोन थेंब. ते मांडीच्या बाहेरच्या बाजूला, मधोमध, स्नायूत टोचायचे. मांडीतच का? कॅनडातल्या एस्टेल सायमन्स यांनी मुलांवर केलेल्या अभ्यासाचे निष्कर्ष १९९८ मध्ये प्रसिद्ध झाले. मांडीच्या स्नायूत टोचलेलं ॲड्रिनलिन रक्तात सरासरी ८ मिनिटांत कळसाला पोचलं, कातडीखाली टोचलेल्याला ३४ मिनिटं लागली. घसा सुजलेल्या बाळाच्या दृष्टीनं हा फरक जीवन-मरणाचा आहे. ॲलर्जीच्या नेहमीच्या गोळ्या-सिरपांनी खाज थांबते. बसत चाललेला घसा किंवा उतरत चाललेला रक्तदाब त्यांच्यानं सावरत नाही.

म्हणून शंका आली की आधी ॲड्रिनलिन. डॉक्टरांनी ते घरी ठेवायला दिलेलं असेल तर ताबडतोब टोचायचं आणि १०८ ला फोन करायचा. नसेल तर ते देऊ शकेल असा जवळात जवळचा दवाखाना गाठायचा. तोवर बाळाला आडवं ठेवावं, पाय किंचित उचलून. श्वास लागत असेल तर बसतं धरावं, उलट्या होत असतील तर कुशीवर वळवावं. गळून गेलेल्या बाळाला खांद्यावर उभं घेऊन थोपटणं ही आपली उपजत सवय, पण ती इथं आवरायची. उभं धरलं की उरलंसुरलं रक्त पायांकडे उतरतं आणि हृदय रिकामं राहतं. पाच ते पंधरा मिनिटांत आराम पडला नाही तर दुसरी मात्रा लागू शकते. बाळ सावरलं तरी रुग्णालयात काही तास थांबावंच लागतं, कारण झटका ओसरून पुन्हा उसळू शकतो.

आता मराठी स्वयंपाकघरात येऊ. साबुदाण्याच्या खिचडीत, कोशिंबिरीत, भरल्या वांग्यात, आमटीत दाण्याचं कूट असतं आणि बऱ्याचदा ते दिसतही नाही. मग बाळाला दाणे देऊच नयेत का? अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २००० साली, ज्या बाळांच्या घरात ॲलर्जी आहे त्यांना तीन वर्षांपर्यंत दाणे देऊ नका, असाच सल्ला दिला होता. मग लंडनच्या गिडिऑन लॅक यांच्या एक गोष्ट ध्यानात आली. ब्रिटनमधल्या ज्यू मुलांमध्ये शेंगदाण्याची ॲलर्जी इस्रायलमधल्या मुलांच्या दहापट होती, आणि इस्रायलमधली बाळं ‘बाम्बा’ नावाचा दाण्याचा कुरकुरीत खाऊ रांगत्या वयापासून खात होती. लॅक यांच्या गटानं ४ ते ११ महिन्यांची ६४० बाळं घेतली. सगळ्यांना तीव्र इसब किंवा अंड्याची ॲलर्जी होती. निम्म्यांना दाण्याचे पदार्थ नियमित दिले, निम्म्यांचे बंद ठेवले. २०१५ साली निकाल आला. पाच वर्षांची झाल्यावर दाणे टाळलेल्या मुलांपैकी शेकडा १७ जणांना ॲलर्जी होती, खाल्लेल्यांपैकी शेकडा ३ जणांना. आतड्याच्या वाटेनं लवकर आलेल्या अन्नाशी शरीर मैत्री करतं. इसबानं फुटलेल्या कातडीतून तेच अन्न आत शिरलं की वैर धरतं, असा आजचा अंदाज आहे. पहिल्यांदाच दाणे खाणाऱ्या बाळालाही झटका का येतो, याचं कोडंही त्यानं उलगडतं.

म्हणजे उष्टावणानंतर खिमटात चिमूटभर बारीक कूट मिसळून द्यायला बहुतेक बाळांच्या बाबतीत हरकत नाही. अख्खा दाणा मात्र पाच वर्षांपर्यंत नको, तो श्वासनलिकेत अडकतो. तीव्र इसब किंवा आधीची ॲलर्जी असलेल्या बाळाला पहिल्यांदा दाणे देण्याआधी बालरोगतज्ज्ञांना विचारावं. आणि नुसत्या रक्ततपासणीच्या कागदावरून मुलाची दूध-अंडी बंद करू नयेत. चाचणीत आयजीई दिसूनही पदार्थ निर्धास्त पचणारी मुलं पुष्कळ असतात. दूध-अंड्याची खरी ॲलर्जीही बऱ्याच मुलांत वाढत्या वयाबरोबर जाते.

ज्या घरात खरी ॲलर्जी आहे, त्यांनी डॉक्टरांकडून मूल किती किलोचं, मात्रा किती, लक्षणं कोणती, हे एका कागदावर लिहून घ्यावं. आपल्याकडे स्वतः टोचायचे ॲड्रिनलिन पेन सहज मिळत नाहीत. पण औषधाची कुपी अगदी स्वस्त असते आणि ती भरून टोचायला डॉक्टर शिकवतात. त्या कागदाची एकेक प्रत आजी-आजोबांना, पाळणाघराला आणि बालवाडीच्या बाईंना द्या. पाकिटावरची ॲलर्जीची सूचना वाचण्याची सवय लावा. आणि वेळ आली तर ‘थोडं थांबून बघू’ म्हणू नका, आधी ॲड्रिनलिन द्या.