घरच्या माणसाला अटक झाली तर वकील कसा पाहावा?

मैत्रिणींनो, डॉक्टर कोणता चांगला, लग्नाला आचारी कोण बोलवावा, मुलीला शिकवणी कुणाची लावावी, हे आपण एकमेकींना सहज विचारतो. पण "फौजदारी वकील कोण चांगला हो?" असं विचारून बघा. समोरचीची भुवई लगेच वर! म्हणून हे कुणी विचारत नाही. मग वेळ येते तेव्हा रात्री अकराला घरातले पुरुष फोन फिरवत सुटतात आणि जो पहिला उचलेल त्याच्या हाती आपला माणूस सोपवतात.

आमच्याकडे अगदी हेच झालं. २०२४ च्या ऑगस्टमधली गोष्ट. मोरीच्या पाण्यावरून शेजाऱ्यांशी बाचाबाची झाली, धाकट्या भाऊजींच्या हातात फावडं होतं, आणि शेजाऱ्यांच्या हाताचं हाड मोडलं. शनिवारची रात्र. पोलीस आले आणि भाऊजींना घेऊन गेले. हाड मोडलं म्हणजे गंभीर दुखापत, त्यात फावडं म्हणजे हत्यार, म्हणून कलम अजामीनपात्र लागलं.

यांच्या मावसभावाच्या ओळखीचे एक वकील होते. नाव मोठं, पण सगळं जमिनीच्या दाव्यांतलं. दिवाणी आणि फौजदारी यांत इतका फरक असतो हे आम्हांला कुठे ठाऊक? दात दुखतो म्हणून डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाण्यातलाच प्रकार तो. "सोमवारी संध्याकाळी माणूस घरी," असं त्यांनी छातीठोकपणे सांगितलं आणि पूर्ण रक्कम आधी मागितली. त्यातली काही म्हणे "वर द्यायला" लागणार होती. पावती नाही. माझ्या जावेच्या पाटल्या सोनाराकडे गेल्या.

रविवारी आम्ही निवांत! कोर्ट बंद ना? पण अटक केल्यापासून चोवीस तासांच्या आत, प्रवासाचा वेळ सोडून, माणसाला दंडाधिकाऱ्यांपुढे उभं करावंच लागतं, मग रविवार असो की दिवाळी. भाऊजींना उभं केलं तेव्हा आमचं कुणीच तिथे नव्हतं. तीन दिवसांची पोलीस कोठडी झाली.

एक गोष्ट मात्र आधी सांगते, कारण पाटल्या गेल्या त्या ही ठाऊक नसल्यामुळे. १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे कोणत्याही स्त्रीला सरकारी खर्चाने वकील मिळतो, नवऱ्याचं उत्पन्न कितीही असो. कोठडीत असलेल्या माणसालाही मिळतो, तिथेही उत्पन्नाची अट नाही. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते, जिल्ह्याला प्राधिकरण असतं, आणि बऱ्याच जिल्ह्यांत आता लोकअभिरक्षक कार्यालयं आहेत, तिथले वकील आरोपींचंच काम पाहतात. १५१०० हा फोन नंबर फ्रिजवर दुधाच्या हिशोबाशेजारी लिहून ठेवा. फुकटचा वकील म्हणजे टाकाऊ, हा समज सोडा. निदान पहिल्या दिवशी तरी रिकाम्या खुर्चीपेक्षा तो हजारपट बरा.

हे हक्क आपोआप आलेले नाहीत बरं का. मुंबईच्या पोलीस कोठडीतल्या बायकांच्या हालांबद्दल पत्रकार शीला बारसे यांनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं होतं. त्यावर १९८३ साली निकाल झाला. बायकांसाठी वेगळी कोठडी, त्यांच्यावर स्त्री पोलिसांचा पहारा, आणि अटक होताच विधी सेवेला कळवणं, असे आदेश त्यात आहेत. आता तर सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी स्त्रीला अटक करता येत नाही. अगदी अपवादाची वेळ असेल तर स्त्री अधिकारी हवी आणि दंडाधिकाऱ्यांची आधी परवानगी हवी. अटकेची कारणं लेखी आणि त्या माणसाला कळेल अशा भाषेत द्यायला हवीत, असं नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं. तो कागद मागून घ्या. वकील पहिल्यांदा तोच बघतो.

आता आमची खरी चूक. ती वकिलाची नव्हती, आमची होती. वकिलांनी विचारलं, भांडणाच्या वेळी धाकटे कुठे होते? सासूबाई म्हणाल्या, "दुकानावर." मी तिथेच चहाचे कप घेऊन उभी होते. फावडं मी डोळ्यांनी पाहिलं होतं. पण घरच्या मोठ्या माणसाचं बोलणं खोडायचं कसं? गप्प राहिले. जामिनाच्या अर्जात "अर्जदार घटनास्थळी हजर नव्हता" असं लिहिलं गेलं. समोरच्या दूध डेअरीला कॅमेरा आहे हे वकिलांना माहीत नव्हतं, पोलिसांना होतं. अर्ज फेटाळला गेला. सोमवार गेला, दुसरा सोमवार गेला, आणि वकीलसाहेब फोन उचलेनात.

तेव्हा मी एक काम केलं, ते तुम्हीही करा. कोर्टात जाऊन बसले. कोर्ट सगळ्यांना उघडं असतं, तिकीट नाही की ओळख नाही. मागच्या बाकावर दोन दिवस बसले. कोण वकील कागद वाचून उभा राहतो, कोण न्यायाधीशांनी विचारल्यावर पानं चाळत बसतो, कोण फक्त पुढची तारीख मागतो, हे शिकलेल्या बाईला काय, न शिकलेल्या बाईलाही कळतं. भाजी निवडतो तसंच हे. बाहेरच्या टायपिंगवाल्याला विचारलं, फौजदारी कामं रोज कुणाची असतात? त्याने तीन नावं सांगितली. मी आतमध्ये हेरलेल्या एक मॅडम त्यांत होत्या.

मॅडमचं ऑफिस म्हणजे जिन्याखालची खोली, पंखासुद्धा करकरणारा. मी बोलायला सुरुवात केली तर त्यांनी थांबवलं. "ताई, फावडं कुणाच्या हातात होतं?" मी यांच्याकडे पाहिलं. "इथे सांगितलेलं मी बाहेर सांगू शकत नाही, कायद्यानेच बंदी आहे. पण मला खोटं सांगितलंत तर मी तेच कोर्टात बोलणार, आणि शिक्षा तुमच्या माणसाला." (ही बंदी झालेल्या गोष्टीपुरती आहे हो. पुढे काही बेकायदा करायला वकिलाची मदत मागाल तर तिचा आडोसा मिळत नाही.) मग मी सगळं सांगितलं. मोरी, शिव्या, फावडं, आणि भाऊजींच्या कपाळाला पडलेले तीन टाके.

"टाके?" मॅडम म्हणाल्या. "कागद आहे?"

सरकारी दवाखान्याचा केसपेपर माझ्या कपाटात साड्यांखाली होता. शनिवारी संध्याकाळीच ठेवला होता, तोवर कुणी विचारलंच नव्हतं. भांडण दोन्ही बाजूंनी झालं, मार दोघांनाही लागला, हे त्या कागदावरून दिसत होतं. सत्र न्यायालयात मॅडमनी खरं तेच मांडलं. सत्ताविसाव्या दिवशी भाऊजी घरी आले.

"जामीन नक्की करून देतो" असं मॅडम एकदाही म्हणाल्या नाहीत. जो वकील खात्री देतो त्याच्यापासून दोन हात लांब राहा. निकालावर अवलंबून फी ठरवायला वकिलांच्या नियमातच मनाई आहे. "वर द्यायला" पैसे मागणाऱ्याच्या तर पायरीवरूनच परत फिरा. फी विचारायला लाजू नका. हे पैसे जामिनापर्यंतचे की सगळ्या खटल्याचे? वरच्या कोर्टात गेलं तर वेगळे का? टायपिंग, नकला, कारकून यांचं काय? हप्ते चालतील का? दिलेल्या पैशाची पावती घ्या आणि तारखेसह वहीत लिहा. तारखेला स्वतः उभे राहणार की ज्युनियरला पाठवणार, हेही विचारा. ज्युनियर वाईट नसतो, पण माहीत असलेलं बरं.

वकील बदलता येतो का, असं माझ्या मैत्रिणीने विचारलं. येतो. आधीच्याची ना हरकत घेऊन नव्याचं वकीलपत्र द्यायचं. माणूस तुरुंगात असेल तर सही तिथल्या अधिकाऱ्यांसमोर होते. फी राहिली म्हणून वकिलाला कागद अडवून ठेवता येत नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने २००० साली ठरवलेलं आहे. आमच्या पहिल्या वकीलसाहेबांनी हे ऐकल्यावर फाईल दिली. पैसे मात्र गेले ते गेले.

जामीन मंजूर झाला की त्याच दिवशी माणूस सुटतो असं नाही. जामीनदार लागतो, आणि त्याचे सातबारा किंवा घरपट्टीची पावती, आधार, रेशनकार्ड, फोटो, कधी ऐपतीचा दाखला. हे कागद कोणत्या ट्रंकेत आहेत हे घरात फक्त आपल्यालाच ठाऊक असतं ना? म्हणून सुनावणीच्या आधीच काढून ठेवा, प्रत्येकाच्या तीन-तीन प्रती करून. पोलिसांनी साठ किंवा नव्वद दिवसांत (गुन्हा किती मोठा त्यावर ते ठरतं) दोषारोपपत्र दिलं नाही, तर जामिनाचा हक्क मिळतो. पण त्यासाठी अर्ज करावा लागतो, म्हणून अटकेचा दिवस कॅलेंडरवर लाल पेनने लिहा. आणि दोषारोपपत्र आलं की आरोपीला त्याची प्रत फुकट मिळते.

केसला सोळा अक्षरी-अंकी सीएनआर नंबर असतो. तो घेऊन ई-कोर्ट्सच्या अ‍ॅपमध्ये टाकला की पुढची तारीख घरबसल्या कळते. माझा मुलगा बघतो आणि आता मीही बघते. वकिलाला रोज फोन करून हैराण करण्यापेक्षा हे बरं.

एका बाबतीत मात्र मॅडम माझ्यावर रागावल्या. शेजारच्या वहिनींकडे आमचं वीस वर्षांचं जाणं-येणं. कढीपत्ता त्यांच्या झाडाचा, लिंबं आमच्या. मला वाटलं, जाऊन पाय धरावे, मिटवून टाकावं. मॅडम म्हणाल्या, "अजिबात नाही. साक्षीदारांशी बोलायचं नाही, ही जामिनाची अट आहे. तुम्ही प्रेमाने जाल आणि उद्या दबाव आणला म्हणून जामीन रद्द व्हायचा." मिटवायचं तर वकिलामार्फत आणि कायद्यात बसेल तेवढंच. काही कलमं दोघांच्या मर्जीने मिटतच नाहीत.

खटला अजून चालू आहे. तारखेच्या दिवशी भाऊजींना डबा मीच करून देते, पोळी आणि बटाट्याची कोरडी भाजी. दिवसभर बाकावर बसायचं म्हणजे रस्सा सांडतो. सासूबाईही येतात कधी कधी. मॅडम काही विचारायला लागल्या की त्या आता माझ्याकडे बोट दाखवतात, "हिला विचारा." कढीपत्ता मी बाजारातून आणते.