हक्काची पोच

जन्माचा दाखला, नळजोडणी, घरपट्टीवरील नावाचा बदल. नगरपालिकेशी आपला संबंध येतो तो अशाच लहानसहान कामांतून. 'उद्या या' हे उत्तर ऐकून आपण निमूटपणे परततो, अगर कोणाची ओळख शोधू लागतो. ज्याला ओळख नाही, त्याने काय करावे?

महाराष्ट्रात २०१५ साली झालेल्या लोकसेवा हक्क अधिनियमाने याचे उत्तर दिले आहे. अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतीत मिळणे हा पात्र नागरिकाचा हक्क होय. सेवा, मुदत व शुल्क यांची माहिती कार्यालयाने फलकावर लावावयाची असते. अर्ज नाकारला, तर कारणे लेखी द्यावी लागतात. मुदत टळली अगर नकार मिळाला, तर ३० दिवसांत पहिले अपील करता येते. त्यावर दुसरे, आणि शेवटी आयोगाकडे तिसरे. पुरेशा कारणावाचून कसूर करणाऱ्या अधिकाऱ्यास ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो.

मात्र अर्ज केव्हा दिला, हेच सिद्ध झाले नाही तर मुदत मोजावयाची कोठून? म्हणून पोच घेतल्यावाचून आपण खिडकी सोडू नये. ओळखीने झालेले काम एकट्याचे होते. हक्काने झालेले काम रांगेतल्या मागच्या माणसाचीही वाट मोकळी करते.