झाडावरचा पक्षी इंग्रजीत 'झाडात' का बसतो?

इंदापुरातील जुन्या चिंचेच्या झाडांवर चित्रबलाक पक्षी घरटी करतात. समजा, एखाद्या विद्यार्थ्याने निबंधात लिहिले, 'द बर्ड्स आर ऑन द ट्री.' शिक्षक 'ऑन' खोडून 'इन' करतात. पुढच्याच ओळीत चिंचांसाठी वापरलेला 'ऑन' मात्र बरोबर ठरतो. मुलाने यातून काय समजावे? इंग्रजीला नियमच नाहीत, तेव्हा पाठ करावे, एवढेच!

प्रत्यक्षात दोन्ही भाषा एकच दृश्य वेगवेगळ्या नजरेने पाहतात. मराठी पाहते ती पक्ष्याला मिळालेला आधार, म्हणून 'झाडावर'. इंग्रजी पाहते ती फांद्या-पानांनी वेढलेली जागा. पक्षी तिच्या आत असतो, म्हणून 'इन'. फळ झाडाला जोडलेले असते, तेथे 'ऑन' येतो. आता उलट उदाहरण घ्या. आपण 'बोटात अंगठी' म्हणतो, कारण बोट अंगठीच्या आत गेलेले असते. इंग्रजीला त्वचेला टेकलेली अंगठी दिसते. म्हणून 'ऑन द फिंगर'. डच भाषेत तर टेबलावरचा कप आणि भिंतीवरचे चित्र यांसाठीही दोन निराळे शब्द आहेत.

एकाच गावाकडे पाहण्याची नजरही बदलते. 'ही एसटी इंदापूरला थांबते' येथे गाव म्हणजे प्रवासातील एक बिंदू. इंग्रजीत 'ॲट इंदापूर'. 'मी इंदापुरात राहतो' येथे गाव म्हणजे विस्तार असलेली जागा, म्हणून 'इन'. इंदापूर पुणे-सोलापूर महामार्गावर आहे, तेथे रस्ता ही रेषा, म्हणून 'ऑन'. बारामतीला निघालेल्या एसटीतला प्रवासी 'ऑन द बस' असतो. पण आवारात पडून असलेल्या मोडक्या एसटीत खेळणारी मुले 'इन द बस'. पहिल्यात प्रवास महत्त्वाचा, दुसऱ्यात केवळ पेटीसारखी जागा.

सर्वच प्रयोग असे उलगडत नाहीत. 'माझ्यावर रागावला' यावरून मुले 'अँग्री ऑन मी' लिहितात. हवे 'अँग्री विथ मी'. 'तिच्याशी लग्न' यावरून 'मॅरीड विथ' होते; हवे 'मॅरीड टू'. 'दोन वर्षांपासून' याचे 'सिन्स टू इयर्स' होते; पण कालावधीसाठी 'फॉर' आणि आरंभासाठी 'सिन्स'. अशा जोड्या मात्र पूर्ण वाक्यातच लक्षात ठेवाव्यात.

या चुका आळसाच्या नव्हेत. मुलाने मातृभाषेचा नियम प्रामाणिकपणे पुढे नेलेला असतो. म्हणून लाल रेघ मारण्यापूर्वी 'मराठीत काय म्हणतोस?' असे विचारून पाहावे. वर्गात रोजच्या बोलण्यातील वीस वाक्ये जमवावीत, शेजारी इंग्रजी वाक्ये मांडावीत आणि कोठे जुळते, कोठे नाही, याची वर्गवारी मुलांनाच करू द्यावी. निरीक्षण, वर्गवारी आणि अपवादांचा शोध ही विज्ञानाची पद्धत भाषेच्या तासालाही तितकीच उपयोगी पडते.